वृंदगान आणि गायनशिक्षकाचा कान

दर वर्षीं संमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे आम्हांस एक प्रश्न हटकून विचारला जातो. कोणी आई, कोणी वडील शाळेच्या फाटकाशीं थांबवून म्हणतात, "आमच्या मुलाला गळा मुळींच नाहीं, त्याला गाण्यांत कशाला घेतां? उगीच सगळ्यांचें बिघडवील." हें बोलणें बहुधा विनयाचें असतें, कधीं थट्टेचें असतें, परंतु तें मूल जवळच उभें आहे, हें बोलणाराच्या ध्यानांत येत नाहीं. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलें म्हणजे कळतें, कीं त्यानें तो शब्द खरा धरिला आहे. ह्या प्रश्नाचें उत्तर उभ्याउभ्या दोन वाक्यांत देतां येत नाहीं. म्हणून तें ह्या अंकांत सविस्तर देण्याचें योजिलें आहे. लेख मुख्यतः गायन शिकविणारांसाठीं व समूहाकडून गाऊन घेणारांसाठीं आहे; परंतु विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं तो वाचिला, तर शिक्षकाचें काम पुष्कळच सुकर होईल.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. एकट्यानें गावयाच्या कलेंत पहिला मान गळ्याचा आहे. वृंदगानांत तो मान कानाचा आहे, आणि त्यांतही शिक्षकाच्या कानाचा. ज्या वर्गाचा शिक्षक ऐकतो, त्या वर्गांत गळा नसलेलीं मुलें फारच थोडीं निघतात. ज्या वर्गाचा शिक्षक केवळ ऐकवितो, तेथें तीं पुष्कळ निघतात.

हा धडा शिकण्यास आपणांस दूर जावयास नको. सातारा व सांगली हे जिल्हे आज वेगळे असले, तरी त्यांचा संबंध जुना आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व सांगली, मिरज आदि संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि त्यासच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. कृष्णामाई दोहोंतून वाहते, आणि तिच्या कांठच्या ह्या प्रदेशानें महाराष्ट्राच्या संगीतांत जी भर घातली ती लहान नाहीं.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाड येथें झाला. ज्या पलूस गांवावरून त्यांचें आडनांव पडलें, तें सांगली जिल्ह्यांतच आहे. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें त्यांच्या डोळ्यांस इजा झाली. शाळेचें शिक्षण खुंटलें. आणि ते मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांजपाशीं गाणें शिकूं लागले. १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडिली व १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. त्या काळीं गाणें शिकावयाचें म्हणजे गुरूच्या घरीं राहून, वर्षानुवर्षें सेवा करून, मर्जी संपादन करून शिकावयाचें. विष्णु दिगंबरांनीं तें वर्गांत आणिलें. त्यांनीं स्वरलेखनाची पद्धति बसविली, पाठ्यपुस्तकें छापिलीं, परीक्षा ठेविल्या, शिक्षक तयार केले, आणि शिष्यांच्या समूहाकडून सभासंमेलनांत गीतें म्हणविलीं. ज्यांस गुरुगृहाची पायरी कधीं चढतां आली नसती, अशा हजारों मुलामुलींस त्यामुळें गाण्याचें दार उघडलें. आज आपल्या शाळेच्या वेळापत्रकांत गायनाचा तास आहे, त्याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्यांजकडे जातें.

परंतु दार उघडलें तशी एक नवी अडचणही आंत आली. जुना गुरु समोर बसलेल्या एक-दोन शिष्यांचा प्रत्येक स्वर ऐकत असे. आजच्या शिक्षकापुढें चाळीस मुलें बसलेलीं असतात व तास चाळीस मिनिटांचा असतो. हिशेब सरळ आहे : एकेका मुलाच्या वांट्यास गुरूचा कान एक मिनिट येतो, आणि तोही शिक्षकानें त्या वेळांत स्वतः गाणें सोडिलें तर! ही अडचण स्वरलेखनानें सुटत नाहीं, आणि पेटीनेंही सुटत नाहीं.

पेटीचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगतों. सांगलीस कृष्णाजी बल्लाळ देवल नांवाचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. आपल्या संगीतांतील बावीस श्रुति गणितानें मोजून दाखवाव्या, असा त्यांस ध्यास होता. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रयोगांस मिरजेस वास्तव्य करून राहिलेले थोर गायक अब्दुल करीम खाँ ह्यांचें साह्य होतें. देवलांचा हा ध्यास साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्या इंग्रज गृहस्थांसही लागला. दोघांच्या ध्यानांत आलेला दोष खरा होता. षड्ज सेकंदास २४० कंपनांचा धरिला, तर गळ्यांतून सहज निघणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो. पण नेहमींच्या पेटीचा गंधार ३०२ च्याही किंचित् वर बोलतो. पंचम ३६० चा हवा, तो पेटीवर थोडा उतरलेला असतो. पंचमांतील फरक सहसा कळत नाहीं. गंधारांतला मात्र सरावलेल्या कानास टोंचतो. ह्यावर उपाय म्हणून त्यांनीं लंडनहून अधिक स्वरपट्ट्यांची एक 'श्रुति-हार्मोनियम' करवून आणिली, व १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंत ती विद्वानांपुढें मांडिली. परिषदेंत ती मान्य झाली नाहीं, आणि पुढें ती प्रचारांतही आली नाहीं.

ह्या दोघां अधिकाऱ्यांस हंसावें, म्हणून आम्ही ही गोष्ट सांगितली नाहीं. गंधारांतील दोन कंपनांच्या फरकासाठीं आयुष्याचीं वर्षें खर्च करणारीं माणसें आदरासच पात्र आहेत. आम्हांस तींतून जें शिकावयाचें आहे तें निराळें. पेटी कितीही सुधारली, तरी ती बोलते. ती ऐकत नाहीं. मुलाचा स्वर उतरला म्हणून पेटी थांबत नाहीं. थांबावयाचें तें शिक्षकानें.

आणि शिक्षक थांबला नाहीं म्हणजे काय होतें, हें सांगण्यास आम्हांस दुसऱ्या कोणाचें उदाहरण नको. नोकरीच्या आरंभींचीं वर्षें होतीं. आंतरशालेय स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. आमच्या गटांत तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा स्वर मध्येंच फुटे, खालीं घसरे, आणि शेजारच्या दोघांस ओढून नेई. एके दिवशीं सर्वांच्या देखत आम्ही त्याला म्हणालों, "तूं नुसते ओठ हालव, आवाज काढूं नकोस." त्यानें मान हालविली. स्पर्धेंत आमच्या गटास बक्षीस मिळालें, व आम्हांस शाबासकीही मिळाली. पुढें दोन वर्षें तो मुलगा सकाळच्या प्रार्थनेंत आमच्यासमोरच उभा असे. त्याचे ओठ हालत. आवाज कधींच आला नाहीं. आम्हांस तें रोज दिसत असे, आणि बोललेला शब्द परत कसा घ्यावा हें सुचत नसे.

गेल्या वर्षीं संमेलनाच्या तालमीस एक पालक आपल्या पांचवींतल्या मुलीस घेऊन आले. त्यांस ओळखण्यास आम्हांस थोडा वेळ लागला. ते म्हणाले, "सर, हिचा आवाज माझ्यासारखाच आहे. हिला गाऊं द्याल ना?" त्यांच्या बोलण्यांत राग मुळींच नव्हता. तो असता तर बरें झालें असतें.

त्या मुलाच्या गळ्यांत दोष नव्हता, हें सांगितलेंच पाहिजे. बारा ते पंधरा वर्षांच्या सुमारास मुलग्यांचा कंठ वाढतो, स्वरतंतु लांब व जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खालीं उतरतो. ह्या काळांत तो फुटतो, घसरतो, कधीं ऐन वेळीं दडी मारतो. मुलींचा आवाजही ह्याच वयांत थोडा बदलतो, पण तो इतका उघड्यावर येत नाहीं. ज्या वयांत मुलगा स्वतःच्या आवाजास आधींच लाजत असतो, त्याच वयांत शिक्षकानें त्याला गप्प केलें, तर तो बहुधा जन्माचा गप्प होतो. अशा मुलास गाणें सोडावयास लावूं नये. त्याला थोडें, हलक्या आवाजांत, खालच्या स्वरांत गाऊं द्यावें. वरचे स्वर ताणावयास लावूं नयेत. आणि हें सर्वांस होतें, हें त्याला हंसत सांगावें.

आतां शिकविण्यासंबंधीं ज्या गोष्टी आम्ही चुकतमाकत शिकलों, त्या क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट षड्जाची. तास पेटीपासून नव्हे, तंबोऱ्यापासून सुरू करावा. आपल्या मिरजेचे सतार व तंबोरे गेल्या शतकाच्याही आधींपासून देशभर जातात. २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकनही मिळालें. अशा वाद्याच्या गांवाजवळ राहून आपल्या मुलांनीं तंबोरा जवळून ऐकूं नये, ही खेदाची गोष्ट होय. पहिलीं दोन मिनिटें कोणींही गाऊं नये; सर्वांनीं डोळे मिटून ऐकावें. तंबोरा नीट जुळलेला व जवारी चांगली लागलेली असली, म्हणजे खर्जाच्या तारेंतून कोणीं न छेडलेला एक गंधार आपोआप उमटतो. तो कोणास ऐकूं येतो, असें मुलांस विचारावें. पहिल्या दिवशीं दोन हात वर होतात. महिन्याभरांत वीस होतात. देवल ज्याच्या शोधांत होते, तोच हा गंधार! ज्या मुलास तो ऐकूं आला, त्याचा कान उघडला. मग गळा त्याच्या मागें येतो.

दुसरी गोष्ट पट्टीची. स्वतःच्या गळ्यास सोयीची पट्टी वर्गास लावणें हा शिक्षकांचा नेहमींचा दोष आहे. प्रौढ पुरुषास काळी एक सोयीची असते, स्त्रियांस बहुधा काळी चार किंवा पांच; लहान मुलांची सोय ह्या दोन्हींहून वेगळी असूं शकते. गीतांतील सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर काढून पाहावा. वर्गांतील नाजूक गळ्याच्या मुलांस ते दोन्ही न ओरडतां लागले, तर पट्टी बरोबर आहे असें समजावें. "गळा नाहीं" म्हणून बाजूस काढलेल्या मुलांपैकीं कितीतरी मुलांस केवळ पट्टी मानवलेली नसते.

तिसरी गोष्ट गप्प राहण्याची. ओळ एकदां म्हणून दाखवावी, दोनदां म्हणून दाखवावी, आणि मग शिक्षकानें मौन धरावें. पेटीवरचा हातही उचलावा. जो शिक्षक मुलांबरोबर अखंड गातो, तो स्वतःचाच आवाज ऐकत असतो, आणि वर्ग चांगला गात आहे अशा भ्रमांत राहतो. त्याचप्रमाणें रोज चार मुलांस जवळ बोलावून, परीक्षेचा आव न आणतां, एकेक ओळ म्हणावयास लावावी. दहा तासांत चाळीस मुलें ऐकून होतात. वर म्हटलेल्या एका मिनिटाच्या अडचणीस ह्याहून चांगला उपाय आम्हांस सांपडला नाहीं.

चौथी गोष्ट स्वर न सांपडणाऱ्या मुलाची. आपण 'सा' देतों, आणि मूल भलताच स्वर लावतें. तेव्हां "चूक, पुन्हा म्हण" असें न म्हणतां, शिक्षकानेंच त्या मुलाचा स्वर उचलून त्याच्याबरोबर गावें. आपला स्वर दुसऱ्याच्या स्वरांत मिळाला म्हणजे काय वाटतें, हें पुष्कळ मुलांस त्या क्षणीं प्रथम कळतें. तेथून एकेक पायरी वर, हळूहळू, वर्गाच्या षड्जापर्यंत त्याला घेऊन यावें. हें काम एका दिवसाचें नव्हे. त्या पांचवींतल्या मुलीस सहा आठवडे लागले. स्थिर आवाजाच्या दोन मुलींच्या मध्यें तिला बसविलें, ती अगोदर ओठ मिटून गुणगुणूं लागली, आणि मग गाऊं लागली. अशा मुलांस शेवटच्या रांगेंत एकत्र बसविणें ही मोठी चूक होय. तेथें तीं एकमेकांचाच आधार घेतात, व तो आधार डळमळीत असतो.

पांचवी गोष्ट लयीची व हाताची. उत्साह चढला म्हणजे मुलें धांवतात. तबला मोठा झाला म्हणजे ओरडतात. अशा वेळीं वाद्यें थांबवून, हलक्या टाळीवर तेंच गीत म्हणवावें. समोर उभा राहून हात हालविणारानें हात लहान ठेवावा. हात जितका मोठा फिरतो, तितकीं मुलें अधिक ओरडतात. श्वास कोठें घ्यावयाचा तें शब्दांच्या अर्थावरून ठरवावें, आणि तेथें शिक्षकानें मुलांबरोबर स्वतः श्वास घ्यावा. तीच खूण त्यांस पुरते. ज्या गीताचा अर्थ मुलांस सांगितला नाहीं, तें त्यांच्याकडून नीट गाऊन घेतां येत नाहीं.

सहावी गोष्ट अलीकडची आहे. हल्लीं संमेलनांत ध्वनिमुद्रित साथ लावून तिच्यावर मुलांस गावयास लावितात. सोय मोठी आहे, झगमगाटही मोठा आहे. परंतु ही साथ त्या श्रुति-हार्मोनियमहूनही बहिरी आहे. मूल अडखळलें तरी ती पुढें जाते. आणि मोठ्या आवाजाखालीं चाळीसांपैकीं तीस मुलें नुसते ओठ हालवितात, तें कोणास कळतही नाहीं. एका मुलास जें बोलून आम्ही इतकीं वर्षें पस्तावलों, तें हें यंत्र न बोलतां सर्वांस सांगतें. ह्याहून एक तंबोरा, एक हलकी ढोलकी व चाळीस खरे गळे आम्हांस बरे वाटतात.

समूहाच्या गाण्याचा थोर नमुना पाहावयाचा असेल, तर आषाढीच्या वारींत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी लोणंद, तरडगांव, फलटण ह्या वाटेनें आपल्या सातारा जिल्ह्यांतून जाते, तेव्हां जाऊन पाहावा. एका दिंडींत वीणेकरी असतो, मृदंगी असतो, टाळकरी असतात, आणि त्यांच्यामागें चालणारे शेंकडों गळे असतात. कोणाचीही परीक्षा घेतलेली नसते. धरलेलें चरण सर्वांनीं उचलावयाचें असतें. ज्याला नीट येतें त्याच्या आधारानें, ज्याला येत नाहीं तोही गातो. मुक्कामाच्या ठिकाणीं समाज-आरतीच्या वेळीं चोपदार आपला दंड उंच करितो, आणि सर्व दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची कांहीं तक्रार असली, तर ती टाळ वाजवीतच राहते. मग तिचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें जातें व नंतर आरती होते. समूहापुढें हात उंच करणाऱ्या प्रत्येकानें ही रीत मनांत धरावी. हात उंच करावयाचा तो शांतता मिळविण्यासाठीं. आणि त्या शांततेंत जो एक टाळ अजून वाजत आहे, तो बंद पाडण्यासाठीं नव्हे, तर ऐकण्यासाठीं.

आपल्या ख्रिस्ती मंडळीस ही देशी रीत पुन्हा जवळची करून देणारांत रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचें स्थान फार मोठें आहे. परकी चालींच्या उपासनेंत आपल्या साध्या लोकांचा गळा मोकळा होत नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें. भजन व कीर्तन हे प्रकार उपासनेंत आणिले. आणि आपल्या लोकांच्या तोंडीं बसतील अशीं शेंकडों गीतें रचिलीं. आयुष्याच्या शेवटच्या पर्वांत, १९१७ सालीं, ते साताऱ्यास आले व येथें त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. १९१९ सालीं ते निवर्तले. पुढाऱ्यानें ओळ सांगावी व मंडळीनें ती उचलावी, ह्या रचनेंत अक्षरओळख नसलेली म्हातारीही मागें राहत नाहीं. टिळक कवि तर मोठे होतेच. परंतु आपल्या माणसांच्या गळ्यांतून काय सहज निघतें, हें त्यांनीं आधीं ऐकिलें होतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यांस कोणीं कधीं "तुला गळा नाहीं" असें म्हटलें असेल, त्यांनीं येत्या जूनमध्यें गायनाच्या खोलींत यावें. आम्ही तुमचा स्वर ऐकूं व तेथून आरंभ करूं. पालकांस विनंति अशी, कीं मूल घरीं बेसूर गुणगुणत असेल तर त्याला हंसूं नये; शक्य असेल तर त्याच्याबरोबर दोन ओळी म्हणाव्या. आणि आमच्या व्यवसायबंधूंस व भगिनींस सांगणें एवढेंच, कीं नव्याण्णव मेंढरें रानांत ठेवून एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट आपण मुलांस दर वर्षीं शिकवितों. ती गायनाच्या तासासही लागू आहे. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रांत कर्णा, वीणा, डफ, झांजा अशीं कितीतरी वाद्यें सांगितलीं आहेत. परंतु स्तवनाचें अखेरचें बोलावणें सुरेल गळ्यांस नाहीं, ज्याच्या ठायीं श्वास आहे त्या सर्वांस आहे. बोलावणें इतकें मोठें असतां, दाराशीं उभें राहून कोणास परत पाठविण्याचा अधिकार गायनशिक्षकास कोणीं दिलेला नाहीं.